पाकीट देणारा, घेणारा आणि छापणारा

मधली सुट्टी (धागाकर्ता)

ऑफिसातला माझा एक सहकारी साठीचा आहे. एसएमयूचा, म्हणजे डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीचा माजी विद्यार्थी. १९८६ चा विषय निघाला की आजही त्याचा पारा चढतो. राग विद्यापीठावर नाही, पोरांना पैसे वाटणाऱ्या धनदांडग्यांवर तर मुळीच नाही. राग चॅनल ८ वर! आपल्याच गावच्या टीव्हीनं आपलं घर पेटवलं, हे त्याचं ठाम मत. आधी मला हसू यायचं. आता वाटतं, माणूस अर्धा बरोबर आहे.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल म्हणजे आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हेत. मोठ्या विद्यापीठांची स्टेडियमं लाख लाख माणसांची आहेत आणि बऱ्याच राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा प्रशिक्षक असतो. खेळाडूला मात्र वर्षानुवर्षं फक्त शिष्यवृत्ती, खोली आणि जेवण. त्यापलीकडे कुणी गाडी दिली किंवा हातात शंभराची नोट सरकवली, की तो 'गैरलाभ'. हा नियम कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेचा. नोटा सरकवणाऱ्या श्रीमंत चाहत्यांना इथे 'बूस्टर' म्हणतात.

नोव्हेंबर १९८६ मध्ये डब्ल्यूएफएए, म्हणजेच चॅनल ८ च्या डेल हॅन्सननं एसएमयूच्या एका माजी खेळाडूला बोलतं केलं. तो म्हणाला, सही करायला २५,००० डॉलर मिळाले, पुढे महिन्याला ७५० यायचे. मग हॅन्सननं खेळाडूंची भरती पाहणाऱ्या अधिकाऱ्यासमोर एक पाकीट ठेवलं आणि त्यावरच्या आद्याक्षरांबद्दल विचारलं. कॅमेऱ्यासमोर त्या गृहस्थाची जी भंबेरी उडाली ती अख्ख्या डॅलसनं पाहिली. फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएनं एसएमयूचा त्या वर्षीचा संपूर्ण हंगाम रद्द केला. १३ खेळाडूंना मिळून ६१,००० डॉलरच्या आसपास रक्कम दिली गेली होती. पुढचा हंगाम विद्यापीठानं स्वतःच सोडून दिला. इतर विद्यापीठांचे प्रशिक्षक कॅम्पसवर येऊन पोरं उचलून नेऊ लागले, लिलावात भांडी उचलतात तशी.

आता माझा मुद्दा. जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येतात. २०२५ पासून तर विद्यापीठच थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. याच एसएमयूनं २०२४ मध्ये एसीसी या मोठ्या गटात शिरण्यासाठी नऊ वर्षांच्या टीव्हीच्या पैशावर पाणी सोडलं आणि चाहत्यांनी आठवड्याभरात १० कोटी डॉलर उभे केले. शहर तेच, खिसे त्याच जातीचे. तेव्हा ते पाप होतं आणि आता त्याच्या कौतुकाच्या बातम्या येतात.

मग १९८६ मध्ये स्थानिक माध्यमांनी नेमकं काय केलं? एका अन्यायी नियमाची फुकटात पोलीसगिरी केली. पाकिटात किती होते हे दाखवलं, तिजोरीत किती होते हे नाही. मतं येऊ द्या.

निळं गवत

असहमत, आणि चांगलीच असहमत.

मी लेक्सिंग्टनला राहते, केंटकीत. इथे बास्केटबॉल हा खेळ नाही, कुळाचार आहे. रप अरेनात सामना असला की त्या संध्याकाळी कुणाकडे सत्यनारायणसुद्धा ठेवत नाहीत, आमच्या मंडळातली मराठी माणसंसुद्धा. अशा गावात ऑक्टोबर १९८५ मध्ये लेक्सिंग्टन हेराल्ड-लीडरच्या जेफ्री मार्क्स आणि मायकेल यॉर्क या दोन वार्ताहरांनी केंटकी विद्यापीठाच्या ३३ माजी खेळाडूंना गाठलं. ३१ जण म्हणाले, हे चालतं हे आम्हाला माहीत होतं. २६ जण म्हणाले, आम्हीही घेतलं. सामन्यानंतर हस्तांदोलन करताना तळहातात घडी केलेली नोट यायची. खेळाडूंना मिळालेली फुकट तिकिटं चाहते छापील किमतीपेक्षा कितीतरी जास्त देऊन विकत घ्यायचे.

छापल्यावर काय झालं? पेपरच्या कचेरीला बॉम्बची धमकी आली. लोकांनी पेपर बंद केले. काही खेळाडूंनी शब्द फिरवले. पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं, पण ते न्यूयॉर्कच्या लोकांनी दिलं, आमच्या गावानं नाही.

आणि तुमच्या 'पोलीसगिरी'बद्दल: दोन वर्षांहून अधिक काळ घोळ घालून एनसीएएनं १९८८ मध्ये केंटकीला काय शिक्षा केली? नीट सहकार्य केलं नाही म्हणून जाहीर समज दिली. बस्स. असला कसला पोलीस, ज्याच्या पंचनाम्यावर कुणी आतच जात नाही? तो पेपर एनसीएएसाठी लिहीत नव्हता, वाचकांसाठी लिहीत होता. वाचकांना ते नको होतं, हा वाचकांचा प्रश्न.

वऱ्हाडी ठेचा

मधली सुट्टी भाऊ, +१. मले येवढंच समजत नाही, २०१० मधी ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या पाच पोट्ट्यायले पाच सामने बसवलं कायले, तं स्वतःच्या अंगठ्या, जर्श्या विकल्या आन् टॅटू फुकटात काढून घेतले! स्वतः जितलेली अंगठी विकली तं गुन्हा? लगनात मिळालेलं घड्याळ विकलं म्हून सासऱ्यानं पोलिसात जावं, असं झालं हे. आन् पेपरवाले त्याच्यावर महिनोन् महिने रकाने भरत बसले.

निळं गवत

ठेचा, अर्धीच गोष्ट सांगताय. तिथे खरी बातमी अंगठीची नव्हतीच. प्रशिक्षक जिम ट्रेसल यांना एप्रिल २०१० मध्येच एका वकिलाची ईमेल आली होती. त्यांनी ती दाबून ठेवली, त्याच पोरांना हंगामभर खेळवलं आणि सगळं ठाकठीक असल्याच्या कागदावर सहीही केली. मे २०११ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला तो या लपवाछपवीपायी. पत्रकारांनी पिच्छा पुरवला नसता तर पाच पोरं दोषी आणि साहेब सज्जन, एवढ्यावरच फाइल बंद झाली असती. तुमच्याच बाजूचं उदाहरण आहे हे, फक्त उलटं धरलंय.

निवृत्त बातमीदार

धागा रंगतोय म्हणून अनुभवाचे चार शब्द. मी एका जिल्हा दैनिकात बावीस वर्षं काढली, त्यातली सात क्रीडा पानावर. अमेरिकेतलं मला पुस्तकी ठाऊक, पण गावचा पेपर आणि गावचा संघ हे नातं जगभर सारखंच असावं. आमच्याकडे एका संस्थेच्या कबड्डी संघात नाव एकाचं आणि अंगावर जर्सी दुसऱ्याची, असा प्रकार मला पुराव्यानिशी कळला होता. बातमी लिहिली. संपादकांनी वाचली, चहा पाजला आणि म्हणाले, "त्यांची दिवाळी अंकाची मागच्या पानाची जाहिरात येऊन पडलीय." बातमी माझ्या ट्रंकेत आहे.

म्हणून मधली सुट्टी, तुम्ही ज्याला पोलीसगिरी म्हणता ती करायला काय लागतं ते मला विचारा. क्रीडा पानाचा सगळा धंदा संघाच्या प्रेमावर चालतो. प्रशिक्षक रुसला की मुलाखत बंद, ड्रेसिंग रूमचं दार बंद, वाचक तर आधीच दात खाऊन बसलेला. हेराल्ड-लीडरचे तेव्हाचे संपादक जॉन कॅरल यांनी ही लेखमाला जाऊ दिली. आमचे चहा पाजून मोकळे झाले. फरक तिथे आहे.

मधली सुट्टी (धागाकर्ता)

बातमीदार साहेब, तुमच्या ट्रंकेतल्या बातमीबद्दल वाईट वाटलं आणि धैर्याबद्दल माझा वादच नाही. हॅन्सन निधड्या छातीचा माणूस होता, त्यालाही धमक्या आल्या. पण धैर्य आणि दिशा या दोन वेगळ्या गोष्टी. निळं गवत, तुमच्या त्या ३३ मुलाखतींत एक प्रश्न हवा होता: "तुझ्या सामन्यांवर विद्यापीठानं किती कमावले, आणि तुझ्या घरी तेव्हा काय परिस्थिती होती?" हा नियम असा का, त्याचा फायदा कुणाला, ही लेखमालाही मला पहिल्या पानावर हवी होती. गैरलाभ खेळाडूचा मोजला. विद्यापीठाचा लाभ कुणीच 'गैर' म्हटला नाही.

अर्धा कप

दोन्ही बाजू एक गोष्ट विसरताहेत: 'कथित' हा शब्द.

१९८८ च्या वसंतात एमरी या कुरिअर कंपनीचं एक पाकीट लॉस एंजेलिसला उघडं पडलं आणि आत १,००० डॉलर निघाल्याचं कर्मचाऱ्यांनी सांगितलं. पाठवणारे म्हणून केंटकीचे सहायक प्रशिक्षक ड्वेन केसी यांचं नाव, घेणारा एका होतकरू खेळाडूचा बाप. बातमी आधी तिकडच्या पेपरनं दिली, मग देशभर गाजली. केसींनी आरोप कायम नाकारला, कंपनीवर खटला भरला आणि तो तडजोडीनं मिटला. पण तोवर कॉलेजच्या मैदानातलं त्यांचं करिअर संपलं होतं. जपानला जाऊन प्रशिक्षण देत राहिले. २०१८ मध्ये ते एनबीएचे वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले, म्हणजे माणूस काही टाकाऊ नव्हता. तडजोड झाल्याची बातमी कितीजणांनी वाचली असेल? आरोप मथळ्यात जातो आणि खुलासा आतल्या पानावर, राशिभविष्याच्या शेजारी. नियम न्याय्य की अन्यायी ही चर्चा नंतरची.

कोपऱ्यातला बाक

नियम कुठून आला तेही बघा की. 'स्टुडंट-अॅथलीट' हा शब्द १९५० च्या दशकात एनसीएएचे वॉल्टर बायर्स यांच्या काळात रूढ झाला. त्याच सुमारास कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा फुटबॉलपटू डोक्याला मार लागून दगावला होता आणि त्याच्या विधवेनं कामगार भरपाई मागितली होती. खेळाडूला 'विद्यार्थी' ठरवलं की तो कामगार राहत नाही आणि भरपाईचा प्रश्नच मिटतो. पुढे खुद्द बायर्सनीच ही व्यवस्था खेळाडूंना लुबाडते असं लिहिलं, निवृत्त झाल्यावर. (निवृत्त झाल्यावर सगळ्यांनाच सुचतं. बातमीदार साहेब, तुम्ही सोडून.)

जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ९-० असा एनसीएएविरुद्ध निकाल दिला. तो शिक्षणाशी निगडित लाभांपुरताच होता, पण न्यायमूर्ती कॅव्हानॉ यांनी वेगळ्या टिपणीत सुनावलं, की कामगारांना रास्त मोबदला द्यायचा नाही असं संगनमत इतर कुठल्याही धंद्यात खपलं नसतं. म्हणजे धागाकर्ते मुद्द्यावर आहेत. फक्त ज्या १९८६ ला ते २०२१ चा चष्मा लावताहेत, त्या काळी हा नियम गैर आहे असं म्हणणारे मूठभरच होते. त्याचा दोष एकट्या हॅन्सनच्या माथी का?

निळं गवत

आणि मधली सुट्टी, एसएमयूची सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही सोयीस्कर गाळलीत. मार्च १९८७ मध्ये टेक्सासचे राज्यपाल बिल क्लेमेंट्स यांनी कबूल केलं, की विद्यापीठाच्या नियामक मंडळाला सगळं ठाऊक होतं आणि ज्यांना शब्द दिलाय त्यांचे हप्ते चालू ठेवायचं मंडळानंच ठरवलं होतं. क्लेमेंट्स तेव्हा मंडळाचे अध्यक्ष होते! तुम्हाला तिजोरीवाल्यांची नावं हवी होती ना? ही घ्या. चॅनल ८ नं ते पाकीट दाखवलं नसतं तर राज्यपाल कशाला कबूल करायला बसलेत?

आणखी एक. चोरून दिलेला पैसा हा मोबदला नसतो, दावं असतं. आज खेळाडूकडे करार आहे, वकील आहे. तेव्हा पोरानं तोंड उघडलं की त्याचंच करिअर जाणार, म्हणजे देणाऱ्याच्या हातात कायमची वेसण. आणि राखीव खेळाडूला काहीच नाही, तोही तेवढाच घाम गाळायचा. तुम्ही त्या पाकिटांना उगाच समाजवादाचा रंग देताय.

वऱ्हाडी ठेचा

ताई, वेसणीचं पटलं. टॅटूचं अजूनबी नाही.

मधली सुट्टी (धागाकर्ता)

क्लेमेंट्सचा मुद्दा मान्य, तो मी लिहायला हवा होता. पण एक बघा: राज्यपाल कार्यकाळ पूर्ण करून जानेवारी १९९१ मध्ये सन्मानानं घरी गेले. तो माजी खेळाडू शहरात आयुष्यभर 'एसएमयू बुडवणारा' राहिला. बातमी वर पोचली, शिक्षा खालीच राहिली. याचा दोष हॅन्सनचा नाही म्हणता, ठीक. मग माझ्या सहकाऱ्याचा तरी असेल, कारण त्याला आजही चॅनल ८ चा राग येतो आणि क्लेमेंट्सचं नाव विचारलं तर तो म्हणतो, "हू?"

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याला निळं गवत यांचे प्रतिसाद इंग्रजीत करून सांगणार आहे. काय म्हणतो ते इथेच लिहितो.

निवृत्त बातमीदार

लिहा नक्की. आणि शक्यतो तो जेवून झाल्यावर सांगा.