योगा मॅट कोणती घेऊ? जाड घेतली होती, फसले

चिपळूणची_सून:
नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत ऑनलाइन १२ एमएमची जाडजूड मॅट मागवली होती, म्हटलं गुडघे कुरकुरतात माझे, जेवढी गादी तेवढं सुख. आता अवस्था अशी की अधोमुख श्वानासनात हात पुढे पुढे सरकतात, वृक्षासनात होडीत उभं राहिल्यासारखं होतं आणि टाचेच्या जागी चक्क खड्डे पडून तुकडे निघायला लागलेत. त्यात आमच्याकडचा पाऊस! जुलैपासून असा कुबट वास मारतेय की नवरा म्हणतो ती गुंडाळी आधी घराबाहेर काढ. नवीन घ्यायचीय, बजेट दीड हजारापर्यंत. किती जाड घेऊ, कशाची घेऊ आणि पावसाळ्यात सांभाळू कशी? उंची पाच फूट दोन इंच, घरात गुळगुळीत टाइल्स.

आळशी_योगी:
ताई ती एनबीआरची, म्हणजे कृत्रिम रबराची असणार, फोमसारखी लिबलिबीत. १०-१५ एमएममध्ये स्वस्तात मिळतात त्या बहुतेक तसल्याच. झोपून पोटाचे व्यायाम करायला मस्त, पण उभ्या आसनांत पाय आत रुततो आणि तोल जातो, तुमचा दोष नाही. मी पण हेच करून बसलोय, माझी तर मांजरीने संपवली.

क्लासवाल्या_काकू:
बरीच वर्षं क्लास घेते म्हणून सांगते, जाडीपेक्षा घट्टपणा बघ. ५-६ एमएम पुष्कळ झाली. दुकानात जाऊन घे, जमिनीवर पसर, चप्पल काढून उभी राहा, तळवे टेकवून जोरात पुढे ढकलून बघ. अंगठ्याने दाबलीस की लगेच वर आली पाहिजे, खळगा राहिला तर सोडून दे. तुझ्या बजेटात टीपीई (रबरासारखं लवचीक प्लास्टिक) किंवा बरी पीव्हीसी येईल. टीपीई हलकी, फारसा वास नाही, पण कडा लवकर झिजतात. पीव्हीसी टिकाऊ, फक्त नवी असताना वर एक बुळबुळीत थर असतो, दोन-तीनदा पुसली आणि वापरली की जातो, लोक पहिल्याच दिवशी घसरले की परत पाठवतात. नैसर्गिक रबराची पकड सगळ्यात छान, पण जड, महाग, वास येतो आणि लेटेक्सची ॲलर्जी असेल तर नकोच. लांबीची काळजी तुला नाही, साधारण १७३ सेंमीची मिळते.
गुडघ्यांसाठी मॅट जाड करायची नसते गं, गुडघ्याखाली घडी घ्यायची असते.

सतरंजीप्रेमी:
काकूंना अनुमोदन. पुण्यात अय्यंगार पद्धतीच्या क्लासला जायचो तिथे ब्लँकेटच्या घड्या, पट्टे, लाकडी ठोकळे सगळं असायचं, गुडघा टेकवायचा झाला की आधी घडी. बाकी माझं मत विचाराल तर सोलापुरी सुती सतरंजी घ्या, घाम शोषते, खराब झाली की धुवा, दोरीवर टाका, संपलं.

आळशी_योगी:
दादा गुळगुळीत टाइलवर नुसती सतरंजी म्हणजे जादूचा गालिचा होईल, ताई थेट स्वयंपाकघरात. मॅटवर टाकली तर ठीक. शवासनाला तर झकासच.

चिपळूणची_सून:
😂 आणि सांभाळायचं कसं ते राहिलंच की. मी मागे बादलीत भिजवून सर्फने धुतली होती आणि ऊन पडल्यावर गच्चीत वाळत टाकली.

क्लासवाल्या_काकू:
अगं बाई, तिथेच वाट लागली. बादलीत बुडवायची नाही, मशीनला तर नाहीच. आत पाणी मुरलं की तुमच्या हवेत ते आठवडाभर निघत नाही, कुबट वास त्याचाच. मगभर पाण्यात दोन थेंब शाम्पू, कापड घट्ट पिळून दोन्ही बाजूंनी पुसायची, मग साध्या पाण्याच्या फडक्याने. साबण राहिला तर पुन्हा घसरणार. कडक उन्हात रबर, फोम सगळंच तडकतं, सावलीत पंख्याखाली वाळव. दांडीवर एकाच जागी दिवसेंदिवस लटकवू नकोस, ताणली जाते. व्यायाम झाला की लगेच गुंडाळायची नाही, घाम सुकू दे. आणि गुंडाळताना वरची बाजू बाहेर ठेव, म्हणजे पसरल्यावर कडा वर वळत नाहीत. पावसाळ्यात भिंतीला टेकवून कपाटामागे तर अजिबात नको, बुरशी धरते.
आणि एक विचारू? हातापायाला काही लावतेस का?

चिपळूणची_सून:
काकू 🙈 रात्री झोपताना तळपायाला खोबरेल. सासूबाईंची सवय मला लागली. आणि सकाळी डोक्याला तेल लावून मगच व्यायामाला बसते, हात तसेच.

आळशी_योगी:
म्हणजे बिचारी मॅट उगाच बदनाम!

क्लासवाल्या_काकू:
अर्धीमुर्धी. खड्डे काही तेलाने पडले नाहीत. आधी हातपाय साबणाने धुऊन आठ दिवस करून बघ, मगच दुकानात जा. आणि जुनी फेकू नकोस, मधला धड भाग हातभर कापून गुडघ्याखाली घे, त्या कामाला १२ एमएम उत्तम.

चिपळूणची_सून:
कापते आजच. पण वास?

सतरंजीप्रेमी:
तुकडा लहान आहे, पुसून पंख्याखाली दोन दिवस उभा ठेवा. तरी गेला नाही तर सतरंजीच्या घडीचा विचार करा, मी आधीच सांगत होतो.