१३-० असून फ्लोरिडा स्टेट प्लेऑफच्या बाहेर, हे बरोबर होतं का?

टॅलाहासीकर:
अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा २०२३चा सीझन आठवला की अजून डोकं फिरतं. सुरुवातीलाच आम्ही, म्हणजे फ्लोरिडा स्टेटने, एलएसयूला (लुइझियाना स्टेट) ४५-२४ हरवलं, मग क्लेमसनला त्यांच्या घरी जाऊन ओव्हरटाइममध्ये ३१-२४, शेवटी एसीसीचं, म्हणजे आमच्या लीगचं, टायटल, एक मॅच हरलो नाही, आणि ३ डिसेंबरला निवड कमिटीने प्लेऑफसाठी, म्हणजे चॅम्पियन ठरवायच्या मॅचेससाठी, चार टीम सांगितल्या त्यात आम्ही नाहीच, १२-१ वाली (बारा जिंकून एक हरलेली) अलाबामा आत! का तर क्वार्टरबॅक (पास टाकणारा मेन खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. मग मॅचेस कशाला खेळवता, पत्रिका बघून ठरवा ना.

शंकेखोर:
मित्रा, लुइव्हिलबरोबरची एसीसी फायनल परत बघ. ट्रॅव्हिसच्या जागी आलेल्याच्या डोक्याला मार, म्हणून तिसऱ्या नंबरचा ब्रॉक ग्लेन खेळला, पहिल्या वर्षाचं पोर. २१ पासपैकी ८ लागले, एकूण फक्त ५५ यार्ड. पंचावन्न! मेन खेळाडू नसेल तर तो विचार करायचा हे कमिटीच्या नियमातच आहे, ऐनवेळी काढलेलं नाही.

टॅलाहासीकर:
अरे पण १६-६ जिंकलोच ना? डिफेन्सने जिंकलेली मॅच काय अर्धी धरतात? ट्रॅव्हिस स्वतः बिचारा लिहून गेला की माझा पाय आधीच मोडायला हवा होता, म्हणजे बाकीची टीम काय आहे ते दिसलं असतं.

ऑबर्नवाली:
अलाबामाचं कौतुक मला सांगू नका. टेक्सासकडून घरच्या मैदानावर ३४-२४ हरलेले. आणि आमच्याकडे ऑबर्नला आले तेव्हा चौथा डाऊन, म्हणजे शेवटची संधी, टचडाउनला ३१ यार्ड बाकी, मिनिटभरसुद्धा उरलं नव्हतं, माझ्या पुढच्या रांगेतले काका टोपी हवेत उडवायच्या तयारीत, आणि त्यांच्या क्वार्टरबॅक मिल्रोने कोपऱ्यात असा काही बॉल टाकला की काका टोपी तशीच हातात धरून खाली बसले. २७-२४ जिंकले. त्या एका बॉलवर यांचा प्लेऑफ.

बामाभक्त:
ताई, पुढच्याच आठवड्यात जॉर्जियाला हरवलं ते विसरलात वाटतं, सलग २९ मॅच जिंकून आलेली टीम होती ती. आणि त्याच जॉर्जियाने ऑरेंज बोलमध्ये (सीझननंतरची, प्लेऑफबाहेरची मॅच) फ्लोरिडा स्टेटला ६३-३ धुतलं. अजून काय पुरावा पाहिजे?

टॅलाहासीकर:
तो पुरावा नाही! वीसपेक्षा जास्त पोरं खेळलीच नाहीत त्या मॅचला, कोणी एनएफएलच्या (प्रोफेशनल लीगच्या) तयारीला, कोणी दुसरीकडे ट्रान्सफर. बाहेर काढल्यावर कोण जीव तोडून खेळणार? आणि तुम्ही तरी रोझ बोलमध्ये, प्लेऑफच्या सेमीफायनलला, मिशिगनकडून हरलातच की.

बामाभक्त:
ओव्हरटाइममध्ये, २७-२०. पुढे तेच चॅम्पियन झाले, त्यांच्यासमोर तुमचा ग्लेन ५५ यार्ड तरी काढू शकला असता का बोला.

ऑबर्नवाली:
२०२४पासून तर बारा टीम घेतात, आता भांडायला नको. फक्त त्या वर्षी फ्लोरिडा स्टेट २-१० 😄

टॅलाहासीकर:
डब्लिनला जॉर्जिया टेककडून २४-२१ हरलो तेव्हाच टीव्ही बंद केला होता. ते नका काढू हो ताई.