भाच्याच्या जर्सीवर कुणाचं नाव टाकू? मेस्सी-रोनाल्डो सोडून सांगा (बजेट ७००)

इंदिरानगरचा_मामा
रविवारी भाच्याचा वाढदिवस, अकरावं लागतंय. जर्सी द्यायची आहे, मागे नाव आणि नंबर टाकून. अडचण अशी की दाजी कट्टर रोनाल्डोवाले आणि त्यांचा धाकटा भाऊ मेस्सीवाला, दोघं एकाच घरात. २०२२ ची वर्ल्डकप फायनल मेस्सीने जिंकल्यावर घरात अबोला होता. त्यामुळे ती दोन नावं बाद. ज्याचं नाव बघून कुणाच्याच कपाळावर आठी पडणार नाही असा खेळाडू सुचवा. बजेट ७००, छपाईसकट. त्यापेक्षा जास्त घालणार नाही, पोरगं सहा महिन्यांत त्या मापाबाहेर जाईल.

गंगापूररोड_१०
मेस्सी. विषय संपला. आणि ७०० मध्ये जर्सी नाही, पायमोजे येतात. मी ओरिजिनल घेतली, पाच हजारांच्या वर गेली, पण कापड हातात धरून बघा म्हणजे कळेल.

इंदिरानगरचा_मामा
साहेब, धाग्याचं शीर्षक तरी वाचा.

सिडको_एक्सप्रेस
शीर्षक वाचलं. तरी रोनाल्डोच. मेहनतीला मान द्यायचा तर दुसरं नाव नाही. दाजी बरोबर आहेत.

देवळाली_लेफ्टबॅक
एन्गोलो कान्ते. डोळे झाकून घ्या. २०१६ ला लेस्टरकडून प्रीमियर लीग, पुढच्याच वर्षी चेल्सीकडून पुन्हा, २०१८ ला फ्रान्सकडून वर्ल्डकप, २०२१ ला चॅम्पियन्स लीग. एवढं जिंकून माणूस फोटोत कडेला उभा. वर्ल्डकप जिंकल्यावर करंडक हातात घ्यायलाही लाजत होता, शेवटी सोबतच्यांनी पुढे केला. कान्तेला शिव्या देणारा माणूस मी अजून बघितलेला नाही, आणि मी आर्सेनलवाला, म्हणजे चेल्सीच्या विरोधातला आहे.

पंचवटी_कट्टा
सगळ्यांना आवडणारा म्हणजे राहुल द्रविड. नंबर १९ टाका.

देवळाली_लेफ्टबॅक
काका, फुटबॉल.

पंचवटी_कट्टा
माहितीये. तरी द्रविडच.

नाशिकरोड_लोकल
परदेशातले कशाला शोधताय? सुनील छेत्री, नंबर ११. २०१८ ला अंधेरीत तैपेईविरुद्ध पठ्ठ्याने हॅटट्रिक केली, भारत ५-० जिंकला, आणि स्टेडियममध्ये माणसं जेमतेम अडीच हजार. मग त्याने हात जोडून व्हिडिओ टाकला, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन द्या. पुढची मॅच केनियाशी, त्याची शंभरावी. तिकिटं संपली. आम्ही पंचवटी एक्सप्रेसने गेलो होतो. धो धो पाऊस, कुणी जागचं हललं नाही. दोन गोल त्याचेच. परतीची गाडी चुकली, रात्र दादरला काढली, पण वसूल.

सिडको_एक्सप्रेस
छेत्रीबद्दल आदर आहेच. पण ६ जून २०२४ ला कुवेतविरुद्ध निरोप घेतला तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि मार्च २०२५ ला स्वारी परत मैदानात. ते पाणी आता कुठे जमा करू?

नाशिकरोड_लोकल
परत बोलावलं म्हणून आला. आपल्याकडे गोल करणारा दुसरा आहे का ते आधी सांग.

सिडको_एक्सप्रेस
हाच तर प्रॉब्लेम आहे ना भाऊ.

जुना_हाफबॅक
सगळे आपापला आवडता सांगताय. प्रश्न वेगळा आहे. आपल्या लोकांनी डोक्यावर घेतलं तर त्यात नवल काय? ज्याला समोरच्या संघाचं पब्लिक उठून टाळ्या देतं, तो खरा. बार्सिलोनाच्या रोनाल्डिन्योला रेआल माद्रिदच्या घरच्या मैदानावर २००५ मध्ये मिळाल्या. युव्हेंटसच्या देल पिएरोला तिथेच २००८ मध्ये. पण माझं मत स्पेनच्या इनिएस्टाला.

२०१० ची वर्ल्डकप फायनल, जोहान्सबर्ग, समोर नेदरलँड्स. ११६ व्या मिनिटाला गोल. असा गोल केल्यावर माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही. याने जर्सी काढली, तर आतल्या पांढऱ्या बनियनवर हाताने लिहिलेलं, दानी हार्के कायम आमच्यासोबत. हार्के म्हणजे एस्पान्योलचा कॅप्टन, आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये हृदयविकाराने गेला, वय २६. एस्पान्योल आणि इनिएस्टाचं बार्सिलोना एकाच शहरातले, एकमेकांचं तोंड न बघणारे. जर्सी काढल्याबद्दल पिवळं कार्ड मिळालं ते वेगळंच. त्याच डिसेंबरात बार्सिलोना एस्पान्योलच्या मैदानावर खेळायला गेलं, ५-१ ने धुतलं. आणि इनिएस्टा बाहेर निघाला तेव्हा मार खात बसलेलं ते अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पुढे २०१५ मध्ये रेआलच्या पब्लिकनेही दिल्या, ०-४ ने हरत असताना.

स्पेनची लाल जर्सी, नंबर ६. दाजी आणि त्यांचा भाऊ, दोघांनाही चालेल.

गंगापूररोड_१०
इनिएस्टा बार्सिलोनाचा, मेस्सीही तिथलाच होता, म्हणजे मेस्सीच्याच पार्टीतला. दाजी ओळखतील बरं का.

सिडको_एक्सप्रेस
+१, मला तर लगेच कळलं.

सातपूर_किपर
नाव कुणाचंही टाका, छपाई बघून टाका. मी पोराला एका दुकानातून मोद्रिचची घेतली. पहिला घोळ, ‘मोर्दिच’ छापून दिलं. दुसरा घोळ, चार धुण्यांत ‘र्दिच’ गळून पडलं आणि पोराला अख्खी टीम ‘मो’ म्हणायला लागली. पट्टी चिकटवून वरून गरम दाबतात ती छपाई स्वस्तातली असली की अशीच सुटते. सब्लिमेशनची मागा, त्यात रंग कापडातच मुरतो, सोलायला काही राहत नाही. स्पेलिंग कागदावर लिहून द्या. धुताना उलटी करून, इस्त्री अजिबात नाही. आणि मोद्रिच पण चांगला पर्याय आहे, लहानपण युद्धात निर्वासितांच्या हॉटेलात गेलं आणि २०१८ ला बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस.

म्हसरूळ_मिडफिल्ड
जर्मनीचा क्लोझे राहिला. २०१२, इटलीत नापोलीविरुद्ध लाझिओ क्लबकडून गोल केला, रेफ्रीने दिला, याने स्वतः जाऊन सांगितलं की हात लागला होता. गोल रद्द. मॅच ३-० ने हरले. आमच्या टर्फवर परवा बॉल सरळसरळ लाइनबाहेर होता तरी पाच मिनिटं भांडण, आणि टर्फवाला तासाचं भाडं मोजतच असतो.

देवळाली_लेफ्टबॅक
कोणता टर्फ? आमच्याकडे रात्री आठनंतर रेट वाढवलेत.

म्हसरूळ_मिडफिल्ड
सगळीकडे वाढवलेत. शनिवारी तर बघायलाच नको.

कॉलेजरोड_कॅफे
कान्ते कुणी सुचवला का? नसेल तर माझ्याकडून कान्ते.

सातपूर_किपर
पोरगा खेळतो कुठे ते विचारलं का कुणी?

इंदिरानगरचा_मामा
राइट विंगला.

नाशिकरोड_लोकल
मग सादिओ माने. लिव्हरपूलला उजवीकडूनच सुरुवात केली होती. सेनेगलमधल्या आपल्या बांबाली गावात शाळा बांधली, दवाखाना बांधला. पहिली पसंती छेत्रीच, पण माने चालेल.

गंगापूररोड_१०
मेस्सी पण राइट विंगलाच यायचा. सहज सांगितलं.

इंदिरानगरचा_मामा
मंडळी, काम झालं. इनिएस्टा पक्का करून मेन रोडला गेलो होतो, भाच्याला मापासाठी सोबत नेलं. हाफबॅक साहेबांची सगळी गोष्ट त्याला वाटेत सांगितली. त्याने नीट ऐकून घेतली आणि दुकानात शिरताच पिवळ्या जर्सीवर बोट ठेवलं. ब्राझीलचा नेमार, नंबर १०. सब्लिमेशन, ५२० ला पडली. घरी दाजी म्हणाले, “हा कशाला आणला?” धाकटे भाऊही तेच म्हणाले. त्या घरात फुटबॉलवर एकमत झालेलं मी पहिल्यांदा बघितलं.

जुना_हाफबॅक
नेमार! २०१८ च्या वर्ल्डकपला जमिनीवर लोळण घेत होता तो?

इंदिरानगरचा_मामा
तोच. भाचा तीच लोळण हॉलमध्ये करून दाखवतोय.

पंचवटी_कट्टा
द्रविड घेतला असता तर ही वेळ आली नसती.

सातपूर_किपर
५२० मध्ये सब्लिमेशन? दुकान मेन रोडला नेमकं कुठे? मोठ्या माणसांच्या मापात होती का?