थायमसला 'यौवनलोपी ग्रंथी' म्हणावं का? (माशांच्या संदर्भात)

एक लेख मराठीत आणतेय, माशाच्या अंगातले प्रतिकाराचे अवयव (थायमस ही ग्रंथी त्यांतलाच एक) ऑपरेशन करून काढले आणि मग त्याला परजीवींची लागण झाली तर काय होतं असा विषय आहे. लिम्फॉइड ऑर्गनला 'लसीकाभ अवयव' चालेल का? आणि हे वाक्य बघा, "यौवनलोपी ग्रंथी काढल्यामुळे माशांची प्रतिकारशक्ती नष्ट झाली." वाचताना काहीतरी खटकतंय पण नेमकं काय ते सापडत नाहीये.

उत्तर १

खटकतंय ते बरोबरच आहे. यौवनलोपी हा शब्द माणसाकडे बघून केलाय, आपल्यात ही ग्रंथी लहानपणी मोठी असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते, म्हणून यौवनात लोप पावणारी. माशांत तसा एक नियम नाही, काही जातींत ती वयाबरोबर आक्रसते तर काहींत मोठेपणीही टिकून असते, मग जी लोपच पावत नाही तिला यौवनलोपी कसं म्हणायचं? शिवाय वाचणाऱ्याला वाटतं की जाणारच होती, काढली तर काय बिघडलं. मी सरळ 'थायमस' लिहीन. माशाच्या कल्ल्यावरचं झाकण उचललं की आत वरच्या बाजूला, दोन्हीकडे एकेक, पातळ त्वचेखाली फिकट रंगाची असते ती, हे एक वाक्य घातलंत तरी वाचकाला जागा कळेल.

आता 'नष्ट झाली'. इथे वय फार महत्त्वाचं आहे. थायमसमध्ये टी पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तयार होतात आणि तिथून अंगभर जातात. पिल्लू अगदी लहान असताना थायमस काढली तर प्रतिकार लंगडा पडतो, पण पेशी आधीच प्लीहेत नि बाकीच्या ऊतींमध्ये जाऊन बसल्या असतील तर मोठ्या माशात लगेच फारसा फरक दिसत नाही. उंदरांत हेच झालं होतं, मोठ्या उंदराची थायमस काढून काही होत नाही म्हणून ती निरुपयोगी समजली जायची, मग १९६१ मध्ये जाक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची काढली तेव्हा तिचं काम कळलं. म्हणून 'कधी काढली' हे वाक्यात यायलाच हवं, आणि प्रतिकारशक्तीऐवजी 'प्रतिसाद' लिहा. शक्ती म्हटलं की असते किंवा नसते असं वाटतं, प्रतिसाद उशिरा येऊ शकतो, कमी येऊ शकतो, प्रतिपिंडं (परजीवीला किंवा जंतूला चिकटणारी प्रथिनं, अँटीबॉडी) कमी बनू शकतात.

उत्तर २

लसीकाभ चुकीचा नाही पण कुणाला कळणार? लस म्हणजे मुळात जखमेतून पाझरणारं पाणचट द्रव्य, देवीच्या लसीतला लस तोच. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, ती सुजलेली लसीकागाठच (लिम्फ नोड). आणि गंमत म्हणजे माशांना लसीकागाठी नसतातच, त्यांना अवधाण येऊच शकत नाही! हाडांतल्या मगजात आपलं रक्त बनतं, तीही सोय त्यांच्याकडे नाही. त्यामुळे 'प्रतिकाराचे अवयव' म्हणा आणि नावं द्या: थायमस, प्लीहा, हेड किडनी. प्लीहेला पाणथरी हा अस्सल मराठी शब्द आहे, एकदा तरी वापरा.

मूळ प्रश्नकर्ती

अवधाण! आजी म्हणायची, कित्येक वर्षांनी ऐकला. हेड किडनीला 'शीर्षवृक्क' केलं होतं मी.

उत्तर १

शब्द नीट बसतो पण एक खुलासा जोडा, नाहीतर वाचक म्हणेल लघवीचा अवयव काढला आणि प्रतिकार कसा कमी झाला. बहुतेक हाडांच्या माशांत मोठेपणी तो भाग लघवी गाळत नाही, रक्तपेशी आणि प्रतिपिंडं बनवतो. पाणथरी काढली तरी प्रतिपिंडं बनत राहतात त्याचं एक मोठं कारण हेच. आणि त्याच भागात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बनवणाऱ्या पेशीही असतात, त्यामुळे तो काढलेल्या माशात जे बिघडेल ते सगळं प्रतिकाराच्या खात्यावर टाकता येत नाही.

त्वचेला विसरू नका. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा इक हा परजीवी त्वचेत आणि कल्ल्यांत घुसतो, एकदा त्यातून वाचलेल्या माशाच्या बुळबुळीत थरात प्रतिपिंडं असतात, ती परजीवीच्या लवांना चिकटतात, त्याची हालचाल थांबते किंवा तो सोडून निघून जातो. हे काम अवयवाच्या पोटात नाही, अंगावर चालतं. म्हणून 'अवयव काढला म्हणजे प्रतिकार काढला' असा अर्थ निघेल ते प्रत्येक वाक्य परत वाचा.

मूळ प्रश्नकर्ती

मग असं केलं तर? "पिल्लं लहान असताना थायमस काढली, तर परजीवींना मिळणारा प्रतिसाद कमकुवत होतो." आणि ज्या माशांना नुसती चीर देऊन शिवतात, काहीच काढत नाहीत, त्यांना काय म्हणू? 'खोटी शस्त्रक्रिया' लिहिलं तर फसवणुकीसारखं वाटतंय.

उत्तर २

वाक्य छान झालंय. त्यांना 'नुसत्या छेदाचा गट' म्हणा. चिरण्याच्या ताणानेही मासा लागणीला बळी पडू शकतो आणि तो परिणाम अवयव काढण्याच्या परिणामापासून वेगळा ओळखता यावा म्हणूनच तो गट ठेवतात, त्यामुळे नावातच कारण दिसतं.