मे मधला कबड्डी कॅम्प, पोट्ट्याला पाठवू का बंद करू?

दारव्हारोड
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. पोरगा १३ वर्षाचा, कबड्डीचं भयंकर वेड. गावातल्याच एका सरांनी १ मे पासून कॅम्प सुरू केला, फी नाही, उलट सर स्वतःच्या खिशातून गूळ शेंगदाणे देतात पोरांना, म्हणजे माणूस चांगला आहे हे आधीच सांगतो. सकाळी ७ ते १० आणि दुपारी ४ ते ६. पारा ४४ च्या खाली यायला तयार नाही. परवा संध्याकाळी घरी आला, सायकल अंगणात आडवीच टाकली, ओट्यावर बसला तो बसलाच. आईने दोनदा विचारलं जेवतो का तर नुसता पाहून राहिला तिच्याकडे, मग उलटी, डोकं ठणकते म्हणे, पोटऱ्यांत गोळे. लिंबूपाणी पाजलं, कूलरसमोर झोपवला. सकाळी उठून परत बनियन चड्डी घालून तयार! सरांना फोन केला तर म्हणे सवय होऊ द्या, आम्ही पण असेच खेळलो, मध्ये पाणी पिलं की पोटात दुखते म्हणून पाणी सेशन संपल्यावरच. कालपासून घरीच ठेवला आहे. पण बंद केला तर दिवसभर मोबाईल, पाठवला तर बायको बोलत नाही. काय करू?

कापूसवाला_बाप्पा
कायले घाबरता जी. खिशात कांदा ठेवा, डोक्याले दुपट्टा, सकाळी आंबील पाजून पाठवा. आमी भर नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसात, दुपारी ३ वाजता विहिरीत पोहाले जात होतो, काई झालं नाई.

जिप_मास्तर
बाप्पा, तुम्ही पाण्यात होते ना!! पोहणं आणि रेड टाकणं एक आहे का 😄
दुपट्टा बरोबर, आंबील बरोबर, कांदा भाजीत टाका.
दारव्हारोड भाऊ, मी २२ वर्षं पोरं खेळवली आहेत म्हणून बोलतो. दुपारचे ४ ही सगळ्यात वाईट वेळ आहे. लोकांना वाटते ऊन उतरलं, पण पारा चढलेला असते तो ३-४ लाच, आणि मुरूम दिवसभर तापून चुलीवरच्या तव्यासारखा झालेला, पोट्टे त्याच्यावर अनवाणी. आणि पेपरात ४४ छापून येते ते सावलीतलं असते बरं का, यंत्र पांढऱ्या जाळीच्या पेटीत ठेवलेलं असते. तुमचा पोरगा उन्हात आहे. आपल्या विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात ते काही लाड म्हणून नाही.
आता सवयीचं. सर अर्धे बरोबर आहेत. शरीराला उन्हाची सवय होते, पण त्याला १० ते १४ दिवस लागतात आणि ते हळूहळू करावं लागते, पहिले दिवस अर्धा पाऊण तास, तेही हलकं. पहिल्याच दिवसापासून रोज ५ तास याला सवय म्हणत नाही. आणि पाण्यावाचून राहायची कधीच सवय होत नाही, तहान मारली की शरीर तयार होते हा समज कुठून आला देव जाणे, माझ्या स्वतःच्या सरांनी पण आम्हाला पाणी दिलं नव्हतं आणि मी पण सुरुवातीला दोन वर्षं तेच केलं, आज आठवलं की लाज वाटते.
एक विचारू का, कोणत्या सामन्याची तयारी सुरू आहे?

दारव्हारोड
जून मध्ये तालुक्याला वजनगटाचे सामने आहेत सर. ४५ किलो गट. पोरगा ४६ च्या थोडा वर आहे म्हणून सर त्याला जर्किन घालून दोन राऊंड जास्त पळवतात. ते मी लिहिलं नव्हतं, त्याचा काही संबंध असेल असं वाटलं नाही.

जिप_मास्तर
संबंध?? भाऊ हीच तर सगळी गोष्ट आहे. ४४ डिग्रीत जर्किन!! घाम सुटला तरी वाळायला जागा नाही, आणि अंग थंड होते ते घाम वाळल्यामुळे, नुसता निथळल्यामुळे नाही. कूलरच्या जाळ्यांवर प्लास्टिक गुंडाळून बघा कशी हवा लागते. आणि ते एक किलो कमी झालं ते चरबी नाही, एक लिटर पाणी गेलं पोराचं.

अकोटचा_पोट्टा
वजनगट वाल्यांचं आमच्याकडे पण हेच, काट्यावर उभं राहायच्या आदल्या दिवशी थुंकत फिरतात पोरं, पाण्याचा घोट नाही. अमेरिकेत १९९७ ला कॉलेजचे तीन कुस्तीपटू असेच वजन उतरवताना महिना सव्वा महिन्यात गेले, रबराचे सूट घालून गरम खोलीत व्यायाम. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत ते सूट बंद केले आणि वजनाचे नियम बदलले. आपल्याकडे गावच्या सामन्यात कोण पाहते.

उपकेंद्रवाली_सिस्टर
उशिरा पाहिलं, ड्युटी होती. दादा, उलटी, डोकेदुखी, पायात गोळे हे ऊन लागल्याचंच लक्षण आहे, आणि आईने विचारल्यावर उत्तर दिलं नाही ते मला जास्त खटकलं. लेकरू असंबद्ध बोलायला लागलं, चालताना तोल जायला लागला, ओळख पटेना, झटका आला तर ते उष्माघात समजायचं आणि त्यात मिनिटं मोजायची असतात. घाम येत आहे म्हणजे उष्माघात नाही असं अजिबात समजू नका, खेळता खेळता होतो त्यात पुष्कळदा अंग घामाने ओलंच असते. तुमचा बरा झाला ते नशीब. आता त्याला अजून दोन दिवस सक्त आराम द्या आणि मैदानात पाठवायच्या आधी एकदा डॉक्टरला दाखवा. लघवी हळदीसारखी पिवळी असेल तर पाणी कमीच आहे समजा.
तसं कोणाचं झालं तर १०८ ला फोन करायचा, पण गाडी येईपर्यंत वाट पाहत बसायचं नाही, आधी अंग थंड करायचं. सावलीत न्या, कपडे काढा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी टाकत राहा, जोरात वारा घाला, बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत. गळ्यापर्यंत टाक्यात बसवता आलं तर सगळ्यात बेस्ट, पण एकाने डोकं धरून ठेवायचं. शुद्ध नसेल तर तोंडात थेंब पण टाकू नका, लोक घाईघाईत पाणी पाजतात आणि ते छातीत जाते. तापाची गोळी याला लागू पडत नाही, हा तो ताप नाही.
खेळताना साधं पाणी दर १५-२० मिनिटांनी, तहान लागो न लागो. तासाच्या वर खेळ असेल तर ओआरएस, अख्खं पाकीट एका लिटरमध्ये, अर्धं पाकीट ग्लासात असलं काही नको. पाकीट नसलं तर एक लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आणि हगवण लागली असेल किंवा आदल्या रात्री ताप होता तर त्या दिवशी खेळायचंच नाही.

अकोटचा_पोट्टा
सिस्टर, मैदानावर टाकं कुठून आणायचं, फवारणीचा पंप चालेल का अंगावर मारायला? तो घरोघरी असते

उपकेंद्रवाली_सिस्टर
अजिबात नाही!! कितीही धुतला तरी औषध राहते त्यात. २०१७ ला यवतमाळात फवारणीने किती लोक गेले, विसरले का सगळे.

जिप_मास्तर
टाकं नसलं तर ताडपत्री. खरं सांगतो, थट्टा नाही. पोराला मधात झोपवायचं, चारी कोपरे चौघांनी उचलून धरायचे की झाली झोळी, त्यात दोन चार बकेट पाणी, थंडावाल्याकडून बर्फाची लादी फोडून टाकायची आणि झोळी हलवत राहायची. परदेशात खेळाडूंना अशीच थंड करायची पद्धत आहे. फ्लोरिडात तर २०२० ला कायदाच केला की शाळेच्या मैदानावर अंग बुडवायची थंड पाण्याची सोय पाहिजेच. कापूस वेचणीची ताडपत्री कोणाच्या घरी नाही सांगा.

कापूसवाला_बाप्पा
माह्याकडं दोन हायेत. एक घेऊन जा ग्राऊंडवर.

दारव्हारोड
काल सरांच्या घरी जाऊन आलो, सिस्टरताईचा मेसेज मोबाईलवर दाखवला. आधी चिडले, म्हणे मी काय पोरांचा दुश्मन आहे का. मग त्यांच्याच आईने आतून सांगितलं की दहावीत असताना तू पण शेतात चक्कर येऊन पडला होता आणि बैलबंडीतून आणला होता, तेव्हा गप्प झाले 😂 आता सकाळी साडेपाच ते साडेसात, आणि संध्याकाळी साडेसहा नंतर एक तास, ग्रामपंचायतीच्या हॅलोजनखाली. लिंबाच्या झाडाखाली दोन माठ, सर दर १५ मिनिटांनी शिट्टी मारणार. जर्किन बंद. वजनगटाचं मात्र घोडं अडलं, सर म्हणतात मग ५० च्या गटात टाकू, पण तिथले पोट्टे पाहिले तर गोऱ्ह्यासारखे दिसतात. पोरगा रुसून बसला आहे. डॉक्टरांनी सोमवारपासून हळूहळू पाठवा म्हटलं. बायको अजून एका शब्दातच उत्तर देते.
बाप्पा, ताडपत्री घ्यायला उद्या येतो, घरी आहात ना?