पुढच्या अ‍ॅक्सलचं सील गळतंय, पण नवं सील बसतच नाही

पाना_१९: फोर व्हील ड्राइव्ह ट्रक, पुढे सॉलिड अ‍ॅक्सल, ओपन नकल (चाक वळवणारा सांधा उघडा).   डाव्या चाकामागे अ‍ॅक्सल ट्यूबच्या तोंडातून गिअर ऑइल टपकतंय. शाफ्ट काढला, तर आणलेलं सील ट्यूबच्या तोंडापेक्षा बरंच लहान. चुकीचं मिळालं का? डिफरन्शिअल (मधली गिअरची पेटी) न उघडता काम होईल?

क्राउन_पिनियन: सील बहुधा बरोबरच आहे, जागा चुकतेय. अशा बऱ्याच अ‍ॅक्सलमध्ये सील आत, कॅरिअरच्या (डिफचे गिअर धरणारा भाग) बेअरिंगच्या पलीकडे ट्यूबच्या मुळाशी असतं. तिथून सुटलेलं तेल ट्यूबमधून वाहत तोंडाशी येतं. तोंडाशी असतं ते नुसतं धूळ अडवणारं रबर. त्यामुळे डिफ उघडावंच लागेल.

आधी तेल भरायचा प्लग सुटतो का बघा, मगच तेल काढा. कॅरिअर निघायला दोन्ही शाफ्ट बाहेर हवेत. ब्रेकचा कॅलिपर तारेने टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी आणि वर-खालीच्या खुणा करा. कॅप हौसिंगसोबतच (डिफचं बाहेरचं कवच) मशीन केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. शिमचंही (जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) तेच. डावी उजवीकडे गेली की बॅकलॅश (गिअरच्या दात्यांमधली मोकळीक) बिघडला. कॅरिअर घट्ट असेल तर दोन पहारींनी थोडा-थोडा उचला. स्प्रेडर (हौसिंग किंचित फाकवणारं हत्यार) वापरलात तर अर्ध्या मिलिमीटरपुढे ताणू नका, हौसिंग कायमचं फाकतं.

जुनं सील ट्यूबच्या बाजूने लांब पाइप घालून आत पाडा. नवं हातोडीने ठोकलं की तिरकं बसतं. ट्यूबमधून आट्यांचा लांब रॉड घ्या, आतून सीलच्या मापाची चकती, बाहेर ट्यूबच्या तोंडावर जाड पट्टी, आणि नट आवळत सील ओढून घ्या. स्प्रिंगची बाजू डिफकडे. लिपला (सीलची शाफ्टला टेकणारी रबरी कडा) ग्रीस लावा.

शिम_साहेब: वरच्यात एक भर. सील का गेलं ते न बघता नवं टाकू नका. ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) चोंदला की गरम तेलाचा दाब लिपमधूनच वाट काढतो. नळी काढून फुंकून बघा. शाफ्टवर सील घासतं तिथे नख अडकण्याइतकी खाच असेल तर नवं सीलही गळणार. तिथे स्लीव्ह (धातूचं पातळ कडं) चढवा, नाहीतर शाफ्ट बदला. कॅरिअर बेअरिंग ढिलं असेल किंवा ट्यूब वाकलेली असेल तरी लिप एकाच बाजूने झिजते.

पाना_१९: उजवं सील कोरडं आहे. तेही बदलू?

क्राउन_पिनियन: बदला. कॅरिअर बाहेर आहेच, पुन्हा एवढा खटाटोप कोण करणार! शाफ्ट घालताना हाताने तोलून धरा, स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरचे दाते) लिपवरून घासत गेली तर सील गाडी रस्त्यावर यायच्या आतच फाटेल. कॅपचे बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा, बॅकलॅश डायल गेजने तपासा.

शिम_साहेब: ट्यूब आतून चिंधीने पुसून घ्या. उरलेलं तेल काही दिवस टपकत राहतं आणि लोक सीललाच दोष देतात. ब्रेक पॅडला तेल लागलं असेल तर पॅड नवेच टाका, धुऊन उपयोग नाही.