२०११चे आकडे जुने, पण टाकाऊ नाहीत

'२०११ची जनगणना जुनी झाली, संस्थांनी तिच्यावर विसंबू नये' हे एकूण लोकसंख्येपुरतं पटतं. पण तिच्यात गावागणिक सीमांतिक कामगारांचा रकाना आहे, म्हणजे वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेले. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ तालुक्यांमधल्या कोणत्या गावांतून लोक मजुरीला बाहेर पडत असतील, याचा पहिला अंदाज त्यातूनच येतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीला, आणि तेव्हा दिंडोरी-निफाडात द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असतो. तो सगळा काळ गावाबाहेर असलेलं कुटुंब जिथे सापडेल तिथे मोजलं जातं. त्यामुळे मूळ गावातली ०-६ वयाची मुलं कागदावर कमी दिसू शकतात. पोषणाचं काम आखताना हा आकडा अंगणवाडीच्या नोंदवहीशी ताडून बघाच.